बॅटरी का फुगते? : विजेरीच्या सेलपासून अंगणवाडीच्या मोबाईलपर्यंत



नगरमध्ये इतिहासावर बोलायचं म्हणजे वक्त्याने निजामशाहीपासून सुरुवात करायची, चांदबिबी आणि मलिक अंबर घ्यायचे, आणि वेळ उरला तर १९४२ नंतर भुईकोट किल्ल्यात नेहरू आणि मौलाना आझाद कैदेत होते तिथपर्यंत यायचं, असा रिवाजच आहे. (हशा) आज तो मोडतो. आजच्या विषयाचा पुरावा तुमच्या खिशात किंवा घरातल्या ड्रॉवरमध्ये आहे. पाठीमागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन एका कडेने वर आलीय, टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरतो, असा एखादा जुना मोबाईल ज्यांच्या घरी पडून आहे त्यांनी जरा हात वर करा. ... बघा, निम्मं सभागृह.

आता कारण विचारलं तर काय उत्तर येतं? ‘बॅटरी चायना होती.’ दुसरं, ‘पोरगं रात्रभर गेम खेळत होतं.’ तिसरं, ‘नशीब.’ पहिल्यात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात बरंच आहे, तिसऱ्याचं आपण सोडून देऊ. पण मला वाटतं, बॅटरी का फुगते हे नीट समजायचं असेल तर आपण बॅटरीला आजवर कोणकोणती कामं सांगितली, याचा इतिहास बघावा लागतो. फुगणं ही काही मोबाईलने आणलेली गोष्ट नाही. ती बॅटरीइतकीच जुनी आहे.

सुरुवात विजेरीपासून करू. इथे साठीच्या पुढचे बरेच जण आहेत, त्यांना रात्री दारं धरायला जाणं आठवत असेल. उसाला पाणी रात्री, वीज रात्री, आणि हातात तीन सेलची बॅटरी. आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो, आणि बॅटरीला सेल, चालायचंच. त्या सेलचा मूळ पुरुष म्हणजे फ्रान्समधला जॉर्ज लेक्लांशे. त्याने १८६६ मध्ये जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचं पाणी यांचा घट तयार केला. त्यातलं पाणी सांडायचं. पुढे १८८६ मध्ये कार्ल गास्नर या जर्मन माणसाने ते पाणी लगद्यात घट्ट करून कोरडा सेल केला आणि मग तो खिशातून, पिशवीतून नेता येऊ लागला.

त्या सेलची एक गंमत आहे. बाहेरचा जस्ताचा डबा हेच त्याचं इंधन. म्हणजे चूल आणि लाकूड एकच. सेल वापरला जातो तसा डबा आतून खाल्ला जातो. त्यात आत हायड्रोजन वायू तयार होतो. मँगनीज डायऑक्साइड त्या हायड्रोजनचा निकाल लावतं, पण सावकाश. विजेरी सलग पेटती ठेवली तर हायड्रोजन साठत जातो, निकाल लागायच्या आत नवा येतो, आणि उजेड पिवळा पडतो. दहा मिनिटं बंद ठेवा, सेल विसावतो, परत पांढरा उजेड. हे पाणी धरणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, रसायनशास्त्र न शिकता. म्हणून तो बांधावर बसला की बॅटरी बंद करायचा. लेक्लांशेचा घट टेलिफोनच्या आणि दाराच्या घंटीच्या कामाला चालला तोही याच कारणाने : घंटी एकदा वाजते, मग बराच वेळ गप्प.

आणि विसरून तसाच ठेवलेला सेल? तो फुगायचा, फुटायचा, पांढरट चिकट पाणी सोडायचा. विजेरीत अडकून बसायचा. मग दगडावर आपट, काडीने उपस. म्हणजे फुगलेली बॅटरी आपल्या आजोबांनीही पाहिली होती. फरक एवढाच की ती दहा-पंधरा रुपयांच्या आतली होती आणि पेट घेत नव्हती.

आणखी एक उद्योग आपण करायचो. मेलेले सेल उन्हात ठेवायचो, कोणी दाताने चावायचो. उन्हात ठेवल्याने थोडा जीव यायचा, ते खोटं नव्हतं. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जोरात चालते. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

या सगळ्यात नगर जिल्ह्याची एक नोंद महत्त्वाची आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. गावात श्रोत्यांचं मंडळ करायचं, ठरलेल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून शेतीविषयीचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. असे वीस कार्यक्रम झाले. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल नॉइराथ यांनी त्याचा अहवाल लिहिला, तो युनेस्कोने छापला आणि ग्रामीण प्रसारणाच्या अभ्यासात आजही त्याचं नाव घेतात. प्रसारणाचा इतिहास म्हणून त्यावर पुष्कळ बोलता येईल. मला त्यात आज रस आहे तो एका बारीक गोष्टीत. त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती आणि वीज नसलेल्या गावात रेडिओ चालणार तो बॅटरीवर. कार्यक्रम आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास. बाकी वेळ रेडिओ बंद. म्हणजे खेड्यात सरकारी माहिती पोचवणारं हे बॅटरीवरचं यंत्र आठवड्यातून एक तास काम करत होतं आणि उरलेला आठवडा विश्रांती घेत होतं. माहिती पोचवणारं, किंबहुना माहिती गोळा करणारं आजचं सरकारी यंत्र किती तास काम करतं, ते पुढे बघू.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसं आणि गंधकाम्ल यांची बॅटरी केली. परत भरता येणारी ही पहिली. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये तीच आहे. तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जे काम मिळालं ते विजेरीच्या अगदी उलट. तिथे २४ घट एकापुढे एक जोडून ४८ व्होल्टची रांग उभी करायची आणि ती कायम चार्जरला जोडून ठेवायची. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. वीज गेली की तिने भार उचलायचा, आली की परत भरून उभं राहायचं. याला तांत्रिक भाषेत फ्लोट चार्जिंग म्हणतात. मी त्याला पहाऱ्यावरची नोकरी म्हणतो.

मग ती बॅटरी फुगत कशी नाही? तिच्यातही वायू होतो, चांगला होतो. जास्त चार्ज झाली की पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतं. पण जुन्या शिशाच्या बॅटरीला वर बूच असतं, त्याला भोक असतं, वायू बाहेर जातो. गेलेल्या पाण्याच्या जागी आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो. एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीला खिडक्या असत, वारा खेळता असे. शिवाय चार्जरचा दाब बरोबर बेताचा ठरवलेला असे, घटामागे सव्वादोन व्होल्टच्या आसपास. तेव्हा तिला पहाऱ्यावर उभं करणाऱ्यांनी पहारेकऱ्याची सगळी व्यवस्था केली होती : श्वास घ्यायला भोक, प्यायला पाणी आणि अंगावर बेताचंच ओझं.

तिसरं घराणं लिथियमचं. या घराण्याची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे मिळते. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत एक्झॉन या तेलाच्या कंपनीत लिथियमची पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिचा दाब चार व्होल्टपर्यंत नेला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू काढून टाकून त्याजागी कार्बन घातला आणि ती घरात ठेवण्यालायक झाली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. २०१९ मध्ये तिघांना नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

शुद्ध धातू काढून टाकणं किती गरजेचं होतं ते १९८९ मध्ये दिसलं होतं. मोली एनर्जी या कॅनडातल्या कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या जपानमध्ये मोबाईल फोनमध्ये पेटल्या, सगळ्या परत घ्याव्या लागल्या. म्हणजे मोबाईलच्या बॅटरीची भीती मोबाईल भारतात यायच्या आधीपासूनची आहे. आपल्याकडे पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला.

ही लिथियमची बॅटरी कोणत्या कामासाठी जन्माला आली? फिरण्यासाठी. माणूस कॅमेरा घेऊन हिंडतो, फोन खिशात घालून हिंडतो. दिवसभर थोडी थोडी वापरली जाते, रात्री भरली जाते. आपल्या पारनेर-पाथर्डीकडच्या मेंढपाळाच्या वाड्यासारखी तिची चाल : हिंडायचं, उतरायचं, परत हिंडायचं. तिला कायम एका जागी, भरल्या पोटी, उन्हात उभं करायचं, असं तिच्या कर्त्यांच्या मनात नव्हतं. आपण नेमकं तेच केलं.

कसं केलं, त्याची पहिली मोठी गोष्ट शेतातली आहे. २००३ मध्ये नोकियाचा ११०० आला. टॉर्चवाला फोन. दारं धरणाऱ्या माणसाची विजेरी आणि फोन एकत्र झाले. त्यात बीएल-५सी नावाची बॅटरी होती, ॲल्युमिनियमच्या कवचातली. तिच्यावरून १४ ऑगस्ट २००७ ला मोठी खळबळ उडाली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या या बॅटऱ्या चार्जिंग करताना तापू शकतात, असं नोकियाने जाहीर केलं. संख्या ४ कोटी ६० लाख. प्रत्यक्षात जगभर तापण्याच्या घटना शंभरेक होत्या, पण भारतात ज्याच्या त्याच्या तोंडी बॅटरीचा नंबर. लोक दुकानासमोर रांगा लावून बॅटरीवरचा आकडा तपासून घेत होते. सर्वसामान्य माणसाने बॅटरी काढून तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचलं, असा आपल्या इतिहासातला हा बहुधा पहिला प्रसंग.

त्याच सुमाराला पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ शेतकऱ्यांत पोचत होतं. पंपाच्या स्टार्टरला मोबाईल जोडायचा आणि घरून फोन करून मोटर चालू-बंद करायची. भारनियमनाच्या काळात वीज कधी रात्री बाराला, कधी पहाटे. अंधारात, बिबट्याच्या भीतीत नदीपर्यंत जाण्यापेक्षा अंथरुणातून मोटर चालू करणं हा केवढा दिलासा होता, हे अकोले-संगमनेरच्या माणसाला सांगायला नको. त्या कल्पनेला नोकियाच्याच स्पर्धेत पारितोषिकही मिळालं. मला ती कल्पना फार आवडते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने बघा काय झालं : फिरस्ता फोन पंपाच्या पेटीत पहाऱ्यावर बसला. अशा पेटीत वर पत्रा, आत स्टार्टरची ऊब, आणि चार्जर कायम जोडलेला. पुढे अशा कामासाठी बॅटरीवर अवलंबून नसलेली, सिमकार्डाची स्वतंत्र यंत्रं आली, ते योग्यच झालं. पण पायंडा पडला होता. आज जुना फोन गोठ्यात कॅमेरा म्हणून टांगलेला असतो. कांदाचाळीवर नजर ठेवतो. कीर्तनाचं थेट प्रक्षेपण करतो : स्टँडवर फोन, समोर मंडपाचे दिवे, खाली चार्जर, तीन तास. दुकानात पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा दिवसभर प्लगला. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरातला एकच फोन सकाळी थोरल्याला, दुपारी धाकटीला आणि मधल्या वेळात चार्जिंगला. त्याला विसावा नावालाही नव्हता.

आता आत काय होतं ते सांगतो, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत, आपोआप सुचतील.

आजच्या फोनमधली बॅटरी म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर लेप देऊन केलेल्या लांब पट्ट्यांची गुंडाळी. मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, सगळ्यात मुरलेला एक ज्वलनशील द्रव, आणि वर पाकिटासारखं मऊ वेष्टण. नोकियाचं कडक कवच गेलं, कारण फोन पातळ हवा होता. मऊ पाकिटाला बूच नाही, भोक नाही. आतला द्रव मुळात फार टिकाऊ नाही. एका टोकाला तो हळूहळू मोडतो आणि इथिलीन, कार्बन मोनॉक्साइड असे वायू होतात. दुसऱ्या, जास्त दाबाच्या टोकाला त्याचं ऑक्सिडेशन होऊन कार्बन डायऑक्साइड होतो. थोडी ओल राहिली असेल तर हायड्रोजनही. नव्या बॅटरीत पहिल्या चार्जिंगला जो वायू होतो तो कारखान्यात काढून टाकतात आणि मग पाकीट सील करतात. पुढे होणाऱ्या वायूला जायला जागाच नाही. तो साठतो, पाकीट फुगतं, स्क्रीन उचलते.

म्हणजे वायू तिन्ही घराण्यांत होतो. विजेरीच्या सेलला आपण विसावा दिला, शिशाच्या बॅटरीला वाट दिली. लिथियमच्या पाकिटाला वाट देता येत नाही. तेव्हा वायू होऊच द्यायचा नाही, निदान फार सावकाश होऊ द्यायचा, एवढं एकच आपल्या हातात उरतं.

तो कशाने जोरात होतो? उष्णतेने आणि भरलेपणाने. उष्णतेचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवर जे एका वर्षात झालं असतं ते ४५ अंशांवर तीन महिन्यांत. उन्हात ठेवलेल्या सेलचं आठवतंय ना? तेच. तिथे ती क्रिया आपल्याला हवी होती, इथे नको आहे. आयफोनच्या माहितीत वापरताना बाहेरची हवा ० ते ३५ अंश सेल्सियस असावी असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जतला दुपारी पारा चाळिशी गाठतो. म्हणजे फोन चालू व्हायच्या आधीच आपण नियमाबाहेर. त्यात पत्र्याची खोली, त्यात फोनच्या स्वतःच्या कामाची ऊब, त्यात चार्जिंगची.

भरलेपणाचं थोडं कमी लोकांना माहीत असतं. १०० टक्क्यांवर बॅटरीतला दाब जुन्या फोनात ४.२ व्होल्ट असायचा, आजच्या बऱ्याच फोनांत ४.४ च्या घरात असतो. जितका दाब जास्त तितका तो द्रव लवकर मोडतो. फोन १०० ला पोचला की चार्जर थांबतो, हे खरं. पण दोन टक्के उतरले की परत भरतो. कायम जोडलेला फोन म्हणजे कायम त्या कमाल दाबावर. आपण म्हणतो, ‘चार्जर आपोआप बंद होतो की!’ होतो. पण बॅटरी ताणलेलीच राहते.

सगळ्यात वाईट तेव्हा होतं जेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र येतात : पूर्ण भरलेली, तापलेली, आणि महिनोन्‌महिने तशीच. फोनवर सतत जड काम चालू असणं आणि तो प्लगला असणं याचा अर्थ नेमका हाच.

आता मघाशी जे सरकारी यंत्र म्हटलं, त्याकडे येतो. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आपल्या अंगणवाड्या त्यातल्या. चाळीसएक वर्षं अंगणवाडीचं यंत्र म्हणजे वही, वजनकाटा आणि सेविकाताईंचे पाय. ८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झालं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये लाखाहून जास्त स्मार्टफोन सेविकांना दिले गेले. २०२१ च्या मार्चमध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आलं. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत दिले. मोबाईल वापसी आंदोलन म्हणून वर्तमानपत्रांनी ते छापलं. तक्रारी काय होत्या? फोनची रॅम २ जीबी, त्यात ॲप नीट मावत नाही. फोन तापतो, अडकतो. दोन वर्षांची वॉरंटी संपली, दुरुस्तीचे हजारो रुपये मानधनातून घालावे लागतात. ॲपमध्ये मराठी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत संप झाला, त्यातही नवे फोन ही मागणी होती आणि ती मान्य झाली.

या आंदोलनाकडे बहुतेकांनी मानधनाचं भांडण म्हणून पाहिलं. माझ्या मते त्यात एक तांत्रिक साक्षही होती आणि ती कोणी नीट ऐकली नाही. बघा : २ जीबी रॅमचा फोन, जड ॲप. मेमरी कमी म्हणून प्रोसेसर सतत आत-बाहेर करत राहतो, म्हणजे तापतो. अकोल्याच्या डोंगराळ भागात रेंज नाही. रेंज कमी असते तेव्हा फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो, बॅटरी उतरते, फोन आणखी तापतो. उतरली म्हणून प्लगला लावून त्याच वेळी माहिती भरायची, कारण आजची हजेरी आजच जायला हवी. मुलाचं वजन, उंची, गरोदर बाईच्या भेटी, शिधा, फोटो. अलीकडे चेहरा ओळखण्याचं कामही त्यातच आलं. ताईंनी फोन वाईट वापरला असं म्हणायला काही जागाच नाही. रोजंदारीच्या फोनला कायम नोकरीचं काम दिलं, एवढंच झालं. १९५६ च्या रेडिओला आठवड्यातून एक तास होता. याला सहा दिवस आणि घरी नेलेलं कामही.

आणि फोन बिघडतो तेव्हा थांबतं काय, तर कमी वजनाच्या एखाद्या पोराची नोंद. ही नोंद वेळेत वर गेली नाही तर तालुक्याच्या आकड्यात ते पोर दिसतच नाही.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, भरणं ८० टक्क्यांवर थांबवा. बऱ्याच नव्या फोनांत सेटिंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन किंवा चार्जिंग लिमिट असं काहीतरी असतं. सॅमसंगच्या अनेक फोनांत ते ८० किंवा ८५ ला थांबवता येतं, आयफोनमध्ये २०२३ च्या १५ क्रमांकापासून ८० ची मर्यादा आली. ही सोय असूनही ती चालू केलेली मी फार थोड्या फोनांत पाहतो. आजच घरी जाऊन बघा.

सोय नसेल आणि फोन एका जागी कायम लावायचाच असेल, गोठ्यातल्या कॅमेऱ्यासारखा, तर इलेक्ट्रिकच्या दुकानात टायमरचं सॉकेट मिळतं. चोवीस तासांची चकती असते, पंधरा-पंधरा मिनिटांचे दात. फोन किती वेळात ४० वरून ८० ला जातो आणि किती वेळात परत ४० ला येतो ते एक दिवस घड्याळ लावून बघा आणि त्याप्रमाणे दात दाबा. एक्स्चेंजच्या अभियंत्यांनी चार्जरचा दाब बेताने ठरवला होता, आपण वेळ बेताने ठरवायची. रात्रीच्या गार वेळेत भरणं जास्त चांगलं.

चार्जर साधा घ्या. कायम जोडलेल्या फोनला ६५ वॅटचा फास्ट चार्जर म्हणजे बसलेल्या माणसाला पंचपक्वान्नं. जड काम चालू असताना फास्ट चार्जिंग टाळा. कामाची ऊब आणि भरण्याची ऊब एकावर एक बसते. मागचं रबरी कव्हर काढा. फोन गादीवर, उशीवर, कापडात नको. उभा ठेवा, पाठीला वारा लागू द्या. कीर्तनाच्या प्रक्षेपणाला एक छोटा पंखा फोनच्या पाठीमागे लावला तरी फरक पडतो. स्क्रीनचा उजेड कमी करा, चित्राचा दर्जा एक पायरी उतरवा, वायफाय असेल तर सिमचा डेटा बंद. ट्रॅक्टरच्या काचेमागे फोन ठेवू नका, ते म्हणजे पापड वाळवणं आहे. काही गेमिंगच्या फोनांत बॅटरीला वळसा घालून वीज थेट फोनला देण्याची सोय असते, तिला बायपास चार्जिंग म्हणतात. सतत जड काम करायचं असेल तर अशी सोय बघून फोन घ्यावा. आणि जागा खरोखर कायमची असेल तर फोन लावूच नका, त्या कामासाठी केलेला कॅमेरा लावा. त्यात बॅटरीच नसते, मग फुगणार काय?

बंद करून ठेवायचा फोन ५० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण उतरवून सहा महिने ठेवला तरी आतलं तांबं विरघळू लागतं आणि बॅटरी बिघडते. महिन्यातून एकदा फोन काचेवर किंवा फरशीवर उताणा ठेवून टोकाला बोट लावून बघा. डुलला तर समजा.

फुगलीच तर? चार्जिंग ताबडतोब थांबवा. दाबून बसवू नका. टाचणी मारून वायू काढणारे महाभाग मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. पडदा फाटला की दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पेट घेते, शिवाय आतल्या द्रवातून निघणारा हायड्रोजन फ्लोराइड फुफ्फुसांना घातक असतो. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेटल्या, विमानात तो फोन चालवायला बंदी आली. चौकशीत काय निघालं, तर एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपरा दबलेला होता, दुसऱ्याच्यात वेल्डिंगची कूस राहिली होती. म्हणजे आत दोन टोकं भिडायला एवढंसं निमित्त पुरतं. तुमची टाचणी तर त्याहून मोठी. असा फोन पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घराबाहेर सावलीत ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या. आपल्याकडे २००१ चे बॅटरीचे नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते. २०२२ च्या नव्या नियमांत लिथियमही आलं आणि बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. तेव्हा दुकानदार नाही म्हणाला तर नियमाचं नाव सांगा. भंगारवाल्याला देऊ नका, तो ती इतर लोखंडाबरोबर दाबतो.

प्रश्न घेऊ. ... मागून एक प्रश्न आलाय, ‘फोन तापला तर फ्रिजमध्ये ठेवावा का?’ नको. थंड केलेला फोन बाहेर काढला की त्यावर दव धरतं आणि ओल आत जाते. सावलीत, फरशीवर ठेवा, काम थांबवा, बस.

दुसरा प्रश्न एका सेविकाताईंचा आहे. ‘आमच्या फोनमध्ये ८० टक्क्यांची सोय नाही, काम रोजचं आहे, रेंज फक्त मंदिराजवळ येते. आम्ही काय करायचं?’ ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात कठीण. जे तुमच्या हातात आहे ते सांगतो. वस्तीवर फिरताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, वजनं वहीत टिपा, आणि मंदिराजवळ बसून एकदाच सगळं भरा. अर्ध्या रेंजमध्ये दर अर्ध्या तासाला प्रयत्न करण्याने फोन तापतो. भरताना चार्जर काढलेला असू द्या. घरी आल्यावर आधी फोन गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा, आणि झोपण्याआधी काढा. आणि झाकण जरा जरी उचललेलं दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढा, तारीख घाला, पर्यवेक्षिकाताईंना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोन सरकारचा आहे, त्याचा खर्च तुमच्या मानधनातून जाता कामा नये. पोचेची प्रत स्वतःजवळ ठेवा, दुसरी तुमच्या संघटनेकडे द्या.